सर्व्हर बॅकअपसाठी एनएफएस, सांबा की एसएसएचएफएस? काय निवडायचं

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत सर्व्हर आणि बॅकअपचं मशीन शहरात राजारामपुरीत, असा सेटअप करणार असाल तर चांगलंच आहे, २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आलेलं, त्यामुळं दोन्ही मशीन एकाच शेडमध्ये ठेवूच नका. पण मग डेटा इंटरनेटवरनं जाणार, तिथं खरा प्रश्न येतोय: एका मशीनचा फोल्डर नेटवर्कवरनं दुसऱ्या मशीनवर जोडायला (म्हणजे माउंट करायला) एनएफएस, सांबा, एसएसएचएफएस यातलं काय घ्यायचं.

लिनक्स ते लिनक्स असेल तर मी एनएफएसच घेईन, स्पीड मस्त मिळतो. फक्त साधा लावू नका. साध्या सेटिंगमध्ये क्लायंट (फोल्डर माउंट करणारं मशीन) जो यूआयडी (युजरचा नंबर) सांगेल तो सर्व्हर खरा मानतो, पासवर्ड विचारतच नाही. म्हणजे परवानगी असलेल्या मशीनवर कुणाला रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, मिळालं की त्यानं १००१ नंबरचा युजर बनवायचा आणि १००१ च्या सगळ्या फाइली उघडायच्या, रूट स्क्वॅश (क्लायंटच्या रूटला सर्व्हरवर रूटचे अधिकार न देणारं सेटिंग) चालू असलं तरी! वर डेटा एन्क्रिप्शनशिवाय जातो ते वेगळंच. कर्बेरॉसनं (युजरची खरी ओळख तपासणारी पद्धत) हे दोन्ही सुटतंय पण केडीसी (त्याचा ओळख पटवणारा सर्व्हर) सांभाळा, कीटॅब (त्याच्या कीची फाइल) सांभाळा, दोन्ही मशीनची घड्याळं जुळवा, दोन मशीनसाठी एवढा व्याप कशाला. वायरगार्डचा टनेल (दोन मशीनमधला एन्क्रिप्टेड व्हीपीएन) टाका, २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, आणि त्याच्या आतनं एनएफएस ४ चालवा, आत एकच पोर्ट लागतो, २०४९.

टॅलीचा डेटा विंडोजवर असेल तर मात्र एसएमबी ३ (विंडोजचा फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल, लिनक्सवर तो सांबा चालवतो) बरं, त्यात एन्क्रिप्शन आहे, सांबामध्ये ते सक्तीचं करून टाका. एसएमबी १ बंदच पाहिजे, २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्राम) तिथनंच घुसलेलं. आणि एसएमबीचा ४४५ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, हात जोडून सांगतो.

एसएसएचएफएस (एसएसएच या सुरक्षित रिमोट लॉगिनवरनं फोल्डर माउंट करणारं) लावायला सगळ्यात सोपं, एसएसएचची की टाकली की झालं, पण बारीक बारीक हजारो फाइली असतील तर लई रखडतंय. एखादा छोटा सर्व्हर असेल तर ठीक.

यातलं काहीही घ्या, मेन सर्व्हरवर बॅकअपचा फोल्डर कायम माउंट ठेवला तर रॅन्समवेअरला तो साधा फोल्डरच दिसतो, बॅकअप पण जातो. त्यापेक्षा उलटं करा, राजारामपुरीच्या मशीननं शिरोलीचा डेटा रीड-ओन्ली माउंट करून ओढून घ्यायचा आणि स्नॅपशॉट (त्या त्या वेळच्या प्रती) तिकडंच ठेवायचे. रूटच्या फाइली वाचायला तेवढं रूट स्क्वॅश काढावं लागेल, ते फक्त टनेलमधल्या त्या एका आयपीसाठी काढा.