ऑक्सिजन की नाकातला स्प्रे?

मावसबहिणीच्या तेरा वर्षांच्या मुलाला क्लस्टर डोकेदुखी, म्हणजे एका डोळ्याभोवती झटक्यांनी येणारी असह्य डोकेदुखी, निघाली. रात्री दोनला उठतो तेव्हा एक डोळा लालभडक असतो, त्याच बाजूचं नाक वाहत असतं आणि पोर खोलीभर येरझाऱ्या घालतं. मायग्रेनचं मूल बहुधा अंधारात गप्प पडून राहतं. हा फरक डॉक्टरांना आवर्जून सांगा. एमआरआय झाला. आता झटका थोपवायला घरी काय ठेवायचं, हा ताईचा प्रश्न.

आधी वेग. झटका १५ मिनिटं ते ३ तास टिकतो, त्यामुळे पोटातून घ्यायची गोळी बहुतेकदा उशिरा पोचते. ऑक्सिजन मिनिटाला साधारण १२ लिटर, पिशवीच्या घट्ट मास्कने, १५ मिनिटं द्यायचा असतो. कोविडात घेतलेलं पाच लिटरचं मशीन इथे पुरत नाही, सिलिंडरच लागतो. सुमाट्रिप्टान या झटका थांबवणाऱ्या औषधाचा नाकातला स्प्रे मात्र क्षणात मारून होतो.

त्रासाच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: ऑक्सिजन पुढे. दिवसात आठपर्यंत झटके येऊ शकतात, तो प्रत्येक वेळी देता येतो. फक्त जवळ देवाचा दिवा, उदबत्ती नको. स्प्रे कडू लागतो, दिवसाला मोजकाच चालतो, हृदयविकार असेल तर वर्ज्य. मुलांमधला अनुभवही तुटपुंजा, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

झटके रात्री, घरीच येत असतील तर सिलिंडर घ्या. शाळेत, प्रवासात येत असतील तर दप्तरात स्प्रे आणि वर्गशिक्षकांकडे डॉक्टरांची चिठ्ठी.