बाटलीवरचा इशारा: पाचपैकी दीड तारा

हे परीक्षण दारूचं नाही, त्यामुळे चव, वास, घशाला कशी लागते वगैरे शोधत आला असाल तर निराशा होईल. मी बघितला तो बाटलीच्या पाठीवरचा वैधानिक इशारा. तोही शेवटी एक मालच आहे. कुणीतरी त्याचा मजकूर ठरवला, कुणीतरी अक्षराचं माप ठरवलं, तो छापायला शाई लागते आणि त्याच्याकडून एक काम अपेक्षित आहे. ते काम तो करतो का, एवढंच बघायचं होतं.

मी नाशिकला लेबलांची आर्टवर्क करते. मसाले, लोणची, बेदाणे, अधूनमधून एखादं आयुर्वेदिक तेल. डबा हातात आला की मी आधी पाठ वाचते. घरचे याला कंटाळले आहेत.

नमुने चार घेतले. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली, व्हिस्कीची क्वार्टर (१८० मिली) आणि एक रेड वाईन मी स्वतः वाईन शॉपमधून आणली. देशीची नायंटी (९० मिली) दिराने आणून दिली, कारण देशीच्या दुकानात मी गेले असते तर संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं असतं. ब्रँडची नावं देत नाही, कारण इशारा सगळ्यांवर सारखाच आहे. वाईन शॉपमध्ये परवान्याचं कुणी विचारलं नाही. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, पण तो काउंटरवर कुणी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. व्हिस्कीला वय पंचवीस पूर्ण लागतं. माझे केस बघून तोही प्रश्न आला नाही.

पहिला शेरा इथेच. पैसे घेतले आणि त्या माणसाने एकेक बाटली सराईतपणे वर्तमानपत्रात गुंडाळली. गिऱ्हाईक बाटली वाचेल ही शक्यता दुकानातच संपते. परमिट रूममध्ये तर बाटली टेबलापर्यंत येतच नाही. पेग काउंटरवर मोजला जातो, तुमच्यापुढे येतो तो ग्लास, सोडा आणि चकली-शेंगदाण्याची बशी. म्हणजे जिथे बसून माणसं सगळ्यात जास्त पितात, तिथे हा इशारा फक्त बारटेंडर वाचू शकतो.

आता प्रत्यक्ष माल. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, त्याचे मद्यासाठीचे नियम २०१८ चे, लागू झाले १ एप्रिल २०१९ पासून. मजकूर असा: ‘कन्झम्प्शन ऑफ अल्कोहोल इज इंज्युरिअस टू हेल्थ. बी सेफ, डोन्ट ड्रिंक अँड ड्राइव्ह.’ सगळी अक्षरं कॅपिटल. राज्याला हवं असेल तर हाच मजकूर स्थानिक भाषेत छापता येतो आणि मग इंग्रजी पुन्हा छापावं लागत नाही. मोठ्या बाटलीवर अक्षराची उंची किमान ३ मिलिमीटर हवी, छोट्या बाटलीला सूट आहे. ३ मिलिमीटरचं कॅपिटल म्हणजे साधारण बारा पॉइंटचा टाइप. कागदावर बारा पॉइंट व्यवस्थित वाचता येतो. पण माझ्या क्वार्टरवरचं अक्षर भिंगाखाली पट्टी धरली तर याच्या निम्मं भरतं, म्हणजे जेमतेम सहा पॉइंट, औषधाच्या पट्टीवर बॅच नंबर असतो तेवढं. गंमत अशी, की कमी पैशात, घाईत आणि उभ्याउभ्या पिणारा माणूस क्वार्टर आणि नायंटीच घेतो. ज्याला इशाऱ्याची गरज जास्त, त्याच्या वाट्याला अक्षर लहान.

मापाच्या पुढचे खेळ आम्हा आर्टवर्कवाल्यांना पाठ असतात. उंची ठरवून दिली आहे ना, मग अक्षर कंडेन्स्ड घ्यायचं, उंच आणि चेंगरलेलं. सगळं कॅपिटलमध्ये असल्यामुळे शब्दांना आकारच राहत नाही, डोळा त्या ओळीवरून पट्टी समजून घसरतो. वर बारकोड, खाली लायसन्स नंबर, मध्ये ही ओळ. धंद्यात या मजकुराला आम्ही ‘मँडेटरी’ म्हणतो आणि प्रत्येक क्लायंटचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘मँडेटरी मागे टाका.’ एका छोट्या वायनरीचं मागचं लेबल मी केलं होतं. क्रीम कागद, त्यावर गडद तपकिरी अक्षरात इशारा. प्रूफ परत आलं, शेजारी पेनाने लिहिलेलं: ‘हे सोनेरी करा, बाकी लेबलशी जुळेल.’ क्रीमवर सोनेरी. बाटली उन्हात तिरकी धरली तर दिसतं.

देशीची नायंटी यात सगळ्यांच्या पुढे निघाली, हे मला अपेक्षित नव्हतं. इशारा मराठीत, सरळ काळ्या शाईत, नटवेपणा नाही. वाचता येतो. पण त्याच लेबलवर दारूची ताकद ‘२५ यू.पी.’ अशी दिलेली. यू.पी. म्हणजे ‘अंडर प्रूफ’, हा इंग्रजांच्या काळातला हिशेब. त्यांचं ‘प्रूफ’ म्हणजे सुमारे ५७ टक्के अल्कोहोल, त्याच्यापेक्षा पंचवीस टक्के खाली म्हणजे ४२.८ टक्के. देशी पिणाऱ्या किती जणांना हे गणित येत असेल? पिणाऱ्यांचं सोडा, विकणाऱ्याला येतं का?

आणि इथे माझी खरी तक्रार सुरू होते. अक्षर एकवेळ मोठं करता येईल, पण मजकुरात आहे काय? ‘आरोग्यास हानिकारक.’ वडापावही हानिकारक, रात्रीचं जागरणही हानिकारक, सिनेमात नायकाने ग्लास उचलला की पडद्याच्या कोपऱ्यात हेच येतं. कुठल्या अवयवाला, कशाने, किती प्यायल्यावर, यातलं एकही उत्तर त्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या, गटात टाकलं ते १९८८ साली. त्याच गटात तंबाखू आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांचा स्तन, एवढ्या जागांची नावं त्यात घेतली जातात. शरीर अल्कोहोल मोडतं तेव्हा ॲसिटाल्डिहाइड तयार होतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. यातला एक शब्द आपल्या बाटलीवर नाही. ‘दारूने लिव्हर खराब होतं’ हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. स्तनाच्या कर्करोगाचा आणि वाईनचा संबंध मात्र माझ्या किटी ग्रुपमधल्या एकीलाही माहीत नव्हता, आणि त्यातल्या दोघी ‘हार्टला चांगली असते’ म्हणून रेड वाईन घेतात.

मग मी एक साधा हिशेब मांडला. ३० मिलीचा छोटा पेग, ४२.८ टक्क्यांची व्हिस्की: त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण १० ग्रॅम. बऱ्याच देशांत एका ‘स्टँडर्ड ड्रिंक’चं माप हेच आहे. आता ६५० मिलीची स्ट्राँग बिअर, आठ टक्के: ५२ मिली अल्कोहोल, म्हणजे ४१ ग्रॅम. चार छोटे पेग. एका बाटलीत.

हे मी दिराला सांगितलं. हा माणूस दर शनिवारी गच्चीवर दोन स्ट्राँग संपवतो आणि शपथेवर सांगतो, की मी दारूला शिवत नाही, फक्त बिअर. ‘वहिनी, काहीतरी चुकतंय तुमचं,’ म्हणाला. मोबाइलवर स्वतः गुणाकार केला. मग बाटली उचलून आडवी धरली आणि ‘आठ टक्के’ कुठे लिहिलंय ते शोधलं. इतकी वर्षं हातात असलेली बाटली तो माझ्यासमोर पहिल्यांदा वाचत होता. ‘म्हणजे मी आठ पेग मारतो?’ दोन दिवस घरात याच्यावरच वाद चालला होता. आता शनिवारी माइल्ड असते. सोडलेली नाही, आणि मी तसं म्हटलंही नव्हतं. पण ‘इंज्युरिअस टू हेल्थ’ने इतक्या वर्षांत जे झालं नाही ते ‘चार पेग’ या दोन शब्दांनी झालं, आणि ते लिहायला जागा तेवढीच लागते.

बाहेर काय चाललंय तेही बघितलं, कारण माझा भाचा डब्लिनला असतो आणि त्याने तिथल्या दुकानातल्या एका बाटलीचा फोटो पाठवला होता. आयर्लंडने २०१८ साली कायदा केला, २०२३ मध्ये लेबलचे नियम आणले. मद्यपानाने यकृताचा आजार होतो, मद्याचा आणि जीवघेण्या कर्करोगांचा थेट संबंध आहे, गरोदरपणाचं चिन्ह, अल्कोहोलचे ग्रॅम, कॅलरी. मे २०२६ पासून सक्ती होणार होती. आयातशुल्काच्या भांडणात धंद्याला जड जाईल म्हणून ती सप्टेंबर २०२८ पर्यंत ढकलली. काही कंपन्यांनी लेबलं आधीच छापून घेतली होती, भाच्याच्या हाती लागलेली त्यातलीच एक. मजकूर आपल्यापेक्षा शंभर पटीने चांगला आहे, पण बाटलीच्या पाठीवरच, बारीक चौकोनात. आर्टवर्कवाला तिथलाही आमच्याच बिरादरीतला दिसतो.

अमेरिकेचा इशारा १९८९ पासून आहे, गरोदर बायका आणि गाडी चालवणं याबद्दल. तेव्हापासून त्यातला शब्दही बदललेला नाही. तिथल्या अभ्यासांत दिसलं ते एवढंच: सुरुवातीला लोकांना इशारा माहीत झाला, मग डोळ्याला सवय झाली आणि पिण्यात फारसा फरक पडला नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या सर्जन जनरलने, म्हणजे सरकारच्या सगळ्यात वरच्या डॉक्टरने, त्यात कर्करोग घाला म्हणून सांगितलं, पण ते काम तिथल्या संसदेशिवाय होत नाही.

मला सगळ्यात आवडला तो कॅनडाच्या युकॉनमधला प्रयोग. व्हाइटहॉर्स गावातल्या सरकारी दारूच्या दुकानात नोव्हेंबर २०१७ मध्ये बाटल्यांवर वेगळी लेबलं चिकटवायला सुरुवात झाली. झगझगीत पिवळं, भोवती लाल कड. एकावर: मद्याने कर्करोग होऊ शकतो, स्तनाचा आणि आतड्याचासुद्धा. महिनाभरात मद्य कंपन्यांनी डोळे वटारले आणि काम थांबलं. नंतर पुन्हा सुरू झालं, पण कर्करोगाचं लेबल वगळून. किती प्यावं याची मर्यादा आणि बाटलीत किती ड्रिंक्स आहेत, एवढंच उरलं. तरी जिथे लेबलं होती त्या मालाचा माणशी खप साडेसहा टक्क्यांच्या आसपास घसरला. लेबल नसलेल्या मालाचा जवळपास तेवढाच वाढला, हेही खरं, पण त्याचा वाटा लहान होता, एकूण खप उतरलाच. साडेसहा टक्के म्हणजे फार नाही असं वाटेल. आमच्या धंद्यात नुसता लेबलचा रंग बदलून साडेसहा टक्के खप हलवला तर क्लायंट दिवाळीला काजूकतलीचा मोठा डबा पाठवतो.

ते लेबल कंपनीच्या डिझाइनरने केलेलं नव्हतं, हे मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं. दुकानात, मागाहून, वरून चिकटवलेलं. म्हणून ते दिसलं.

आपल्याकडे हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. सिगारेटच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागा इशाऱ्याची आहे, चित्रासकट, आणि चित्र ठरावीक काळाने बदलतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांनी सांगितलं, की पाकिटावरचा इशारा बघून सोडण्याचा विचार मनात आला. विचार म्हणजे सोडणं नव्हे, कबूल. पण दारूची बाटली बघून विचार येण्याइतकं तिच्यावर आहे काय? आणि महाराष्ट्र सरकारला चित्राची ताकद कळत नाही असंही नाही. गावातलं दुकान बंद करायच्या मतदानात उभी बाटली आणि आडवी बाटली ही दोन चिन्हं असतात. डिझायनर म्हणून सांगते, आडवी बाटली हे या राज्यात मी बघितलेलं सगळ्यात नेमकं चिन्ह आहे. अक्षर न येणारी आजीही ते बघून शिक्का मारते.

उलट किंमत बघा, ती कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने शुल्क वाढवलं आणि भारतात बनणाऱ्या ‘विदेशी’ दारूच्या क्वार्टरची किमान किंमत २०५ रुपयांवर नेली. मी दुकानात उभी असताना पुढच्या माणसाचा याच्यावरून मालकाशी वाद चालला होता. बाटलीवर हात फिरवत तो एमआरपी शोधत होता. एमआरपीच्या खालीच इशारा होता.

म्हणून तारे दीड. एक देशीच्या सरळ मराठीला, अर्धा ‘पिऊन गाडी चालवू नका’ या अर्ध्या वाक्याला, कारण त्यात निदान काय करायचं नाही ते स्पष्ट आहे. बाकीचा मजकूर, जागा, रंग या तिन्हीला शून्य.

मला काम मिळालं तर मी ते असं करीन: पुढच्या लेबलवर, एमआरपीच्या अगदी शेजारी, पिवळा पट्टा, काळं मराठी अक्षर, कॅपिटल-बिपिटलचा प्रश्नच नाही. ‘या बाटलीत चार छोटे पेग आहेत.’ खाली कर्करोगाची एक ओळ, दर सहा महिन्यांनी वेगळा अवयव. छोट्या बाटलीला सूट नाही. परमिट रूममध्ये हाच पट्टा मेन्यूवर, प्रत्येक नावापुढे पेगचा आकडा.

असा पट्टा येईपर्यंत हिशेब घरीच करा, कठीण नाही. बाटलीवरचे मिली गुणिले टक्के, भागिले शंभर, मग ०.७९ ने गुणा, की अल्कोहोलचे ग्रॅम मिळतात. दहाने भागलं की छोटे पेग. रेड वाईनच्या ७५० मिलीच्या बाटलीवर तेरा टक्के असतील तर उत्तर ७.७ येतं. माझ्या किटीतल्या मैत्रिणीने ते तीनदा करून बघितलं.