तुळशीची माळ: चैत्रीपासून कार्तिकीपर्यंतचा अनुभव

माळ घातली की दारू सुटते, असं आपल्याकडे गावोगाव ऐकायला मिळतं. चैत्री एकादशीला पंढरपुरात माझ्या गळ्यात माळ आली, आता कार्तिकी तोंडावर आहे. एवढ्या महिन्यांत मला जे दिसलं ते असं: माळेने दारू सुटत नाही, माळेने माणसं मिळतात. आणि ज्याला घर उरलेलं नाही, त्याला आधी माणसंच लागतात.

अंगातली दारू दवाखान्यातच उतरवा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येते, भास होतात, जिवावरही बेतू शकतं. तिथे अंगारा चालत नाही. मी सरकारी रुग्णालयातून व्यसनमुक्ती केंद्रात गेलो आणि तिथून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना सावरायच्या संघटनेच्या, मीटिंगला. त्याआधी पुलाखाली, फलाटावर, जिथून कोणी उठवणार नाही तिथे पाठ टेकत होतो. मीटिंगच्या बारा पायऱ्यांत प्रत्येकाने आपल्याला उमजेल तो ईश्वर धरायचा असतो. माझ्या आजोळी वारी होती. मला विठोबा उमजला.

पंढरपुरात काशीकापडी समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तुळशीच्या माळा करत आली आहेत, माळ त्यांच्याकडून घ्या. नवी माळ थोडे दिवस टोचते, मग घामाने मणी काळसर आणि गुळगुळीत होतात. दोरा झिजायच्या आत बदलून घ्या, कारण माळ तुटली तर पुन्हा घालेपर्यंत अन्न घ्यायचं नाही अशी रीत आहे. आणि दुकानातून आणून आपली आपण गळ्यात अडकवू नका. जाणत्या माळकऱ्याच्या हातून, ज्ञानेश्वरीवर ठेवून घ्या. माझ्या गळ्यात एका म्हाताऱ्या विणेकऱ्यांनी घातली. म्हणाले, "दारू-मटण बंद. एकादशी धर, हरिपाठ चुकवू नको, वारीला ये."

वारीला गेलो. आळंदी ते पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटर. दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, भरायला पैसे नव्हते, तर दिंडीने तंबू ठोकायचं काम दिलं. रस्त्यावर झोपण्याची लाज माझ्या हाडांत मुरली होती. वारीत मात्र सगळेच घर सोडून आलेले, बागायतदारसुद्धा रानात सतरंजीवर. दिवे घाट चढून आल्यावर एक आजी माझ्या पाया पडल्या, "माउली" म्हणाल्या. कित्येक वर्षांत मला कोणी आपणहून हात लावला नव्हता. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्यांच्या समाजआरतीला चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला की सगळे टाळ थांबतात आणि हरवलं-सापडलं पुकारलं जातं. जिथे उशाची चप्पल रात्रीत जायची तिथून आलेला मी, लोक सापडलेली वस्तू आणून देतात हे रोज ऐकत होतो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो गावच्या सप्ताहातल्या वीणेच्या पहाऱ्याचा. अखंड हरिनामात वीणा खाली ठेवत नाहीत, पहारे वाटून घेतात. दारू सोडलेल्याची झोप लवकर सावरत नाही आणि रात्री दोनला तलफ सगळ्यात जास्त छळते. तोच पहारा मी मागून घेतला. गळ्यात वीणा, समोर विठोबा, आणि आपल्यानंतरचा गडी येईपर्यंत जागचं हलता येत नाही. त्या रात्रींनी मला जेवढं तारलं तेवढं कशानेच नाही.

दोन गोष्टींत जपावं लागतं. मीटिंगमध्ये शिकवतात की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा आले की तलफ उसळते. म्हणून मी कोरडी एकादशी करत नाही, भगर आणि दाण्याची आमटी पोटभर खातो. दुसरी तंबाखू. माळकऱ्यांतही चुना-तंबाखूची डबी फिरते, आणि आपल्यासारख्याने ती हातात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. विणेकरीबुवांनाही मी हे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं.

देवळामागची खोली मला राहायला मिळाली आहे. पत्ता झाला म्हणून आधार कार्ड दुरुस्त झालं, त्यावर बँकेत खातं उघडलं आणि मजुरी तिथे जमा होते. जुने सोबती भेटतात, पण गळ्याकडे बघून ग्लास पुढे करत नाहीत.

घरच्यांना एकच विनंती. पिणाऱ्याला धरून पंढरपूरला नेऊन गळ्यात माळ घालू नका, ती उतरते आणि वर शपथ मोडल्याचा डाग त्याच्या माथी बसतो. आधी डॉक्टर, मग मीटिंग. सप्ताह लागला की त्याला रात्रीचा पहारा द्या. माळ तो स्वतः मागेल तेव्हा घाला.