मुलांच्या खोलीत आगगाडी: छताजवळच्या फळीवर की पलंगाखालच्या प्लायवर?

घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरच्या सदनिकेत मुलांची खोली दहा बाय अकरा फुटांची धरली, तर पलंग, कपाट आणि अभ्यासाचे टेबल मांडल्यावर जमिनीवर खेळण्यातल्या आगगाडीचे कायमचे रूळ टाकायला जागा उरत नाही. मग दोन पर्याय राहतात: दाराच्या चौकटीवरून, म्हणजे सुमारे सात फुटांवरून, चारही भिंतींना फिरणारी फळी, किंवा पलंगाखाली सरकवता येईल असा सहा बाय चार फुटांचा प्लाय.

लांबीच्या बाबतीत फळी सहज पुढे आहे. खोलीभोवती सुमारे बारा मीटर रूळ बसतात, तर सहा बाय चारच्या प्लायवर लंबगोल मांडणीत चार मीटरच्या आसपास. गाडी दाराच्या वरून निघून खिडकीवरून वळसा घेत परत येते, हे दृश्य प्लायवर मिळणार नाही, हे मान्य केले पाहिजे.

मात्र फळीचा हिशोब बहुतेक जण मोठ्यांच्या डोळ्यांनी करतात. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण 105 सेंटीमीटरवर असतात. ते मूल भिंतीपासून दोन मीटरवर उभे असेल आणि 210 सेंटीमीटर उंचीवरच्या फळीवर गाडी कडेपासून दहा सेंटीमीटर आत धावत असेल, तर गाडीचा खालचा सुमारे पाच सेंटीमीटर भाग फळीच्या आड जातो. एचओ मापाचा, म्हणजे 1:87 प्रमाणातला, डबा मुळात साडेचार-पाच सेंटीमीटर उंच असतो. म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप केला, त्याला फक्त आवाज ऐकू येणार. एन मापाची (1:160) गाडी तर याहून बुटकी असल्याने तिचा विचार फळीसाठी करूच नये.

यावर दोन उपाय आहेत. एक, रूळ कडेला घेऊन गाडीची बाजू कडेपासून चार-पाच सेंटीमीटरवर आणणे आणि कठडा म्हणून पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी लावणे. खाली मूल झोपणार असल्याने कठड्याविना फळी करूच नये. दुसरा, जी माप निवडणे. 45 मिलिमीटर अंतराच्या रुळांवरचे 1:22.5 प्रमाणातले डबे पंधरा सेंटीमीटरच्या आसपास उंच असल्याने खालूनही दिसतात. परंतु त्या मापाच्या सर्वांत लहान प्रचलित वळणाची त्रिज्याच 60 सेंटीमीटर असते, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यात मोठा त्रिकोणी प्लाय जोडावा लागतो, आणि खर्च एचओच्या कितीतरी पट होतो. (एचओचे 16.5 मिलिमीटरचे रूळ 1435 मिलिमीटरच्या गेजचे (दोन रुळांमधल्या अंतराचे) प्रतिरूप आहेत. आपली लोकल 1676 मिलिमीटरवर धावते, त्यामुळे ठाणेकर बालकाला हवी तशी हुबेहूब लोकल या रुळांवर येत नाही.)

भिंतीचाही विचार हवा. नव्या टॉवरांतल्या मायव्हान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, काँक्रीट भिंतींना हॅमर ड्रिल लागते, पण एकदा पडलेले भोक पक्के राहते. सिपोरेक्सच्या हलक्या विटांत मात्र साधा प्लग सैल होतो, तिथे त्यासाठीचे खास अँकर वापरावेत. ब्रॅकेट दोन-दोन फुटांवर घ्यावेत. एसीचे युनिट आणि पडद्याची दांडी नेमकी याच उंचीवर येतात. कपाट माळ्यापर्यंत गेलेले असेल, तर फळी त्याच्या पुढून न्यावी लागेल. भाड्याच्या घरात हा पर्याय इथेच संपतो.

पावसाळ्यात एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) फुगतो, म्हणून दोन्ही पर्यायांत जलरोधक प्लाय घ्यावा. पितळी रूळ लवकर काळवंडून वीज नीट पोचवत नाहीत, त्यापेक्षा निकेल सिल्व्हरचे बरे. बारा मीटरच्या वळशाला एकाच जागी वीज जोडल्यास दूरच्या भिंतीवर गाडी मंदावते, त्यामुळे दर दोन-तीन मीटरला तारा जोडाव्यात. धूळ दोन्हीकडे बसते, फरक एवढाच की फळी पुसायला शिडी लागते.

तीच शिडी रुळांवरून घसरलेल्या डब्यासाठीही लागते, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला गाडी चालवण्यापेक्षा डबे जोडायचे, सोडायचे, पूल पाडून पुन्हा बांधायचे असतात. त्याच्यासाठी प्लायच योग्य. पलंग खालून बंद असेल, तर प्लाय कब्ज्यांनी भिंतीला उभा करता येतो. दहा-बारा वर्षांचे मूल असेल, घर स्वतःचे असेल आणि वडिलांनाही हौस असेल, तर फळी जरूर करावी. भोके पाडण्यापूर्वी साडेचार सेंटीमीटर उंचीचा एखादा खोका कपाटावर कडेपासून दहा सेंटीमीटर आत ठेवावा आणि मुलाला पलंगावर आडवे होऊन तो दिसतो का, हे विचारावे.