माणूस एक, नोंदी दोन: स्टालबर्गच्या डावांचा डिजिटल संग्रह

बुद्धिबळात काळी मोहरी आली की मी डोळे मिटून फ्रेंच बचाव खेळतो. पहिल्याच खेळीत ई६वर ठेवलेलं प्यादं आपल्याच उंटाची वाट अडवतं, आणि मग अर्धा डाव त्या उंटाचं करायचं काय हाच घोर. हे दुखणं ज्याने उभी कारकीर्द हौसेने सांभाळलं तो स्वीडनचा गिडिऑन स्टालबर्ग. म्हणून त्याच्या डावांचा हा संग्रह दिसल्याबरोबर घेतला.

पहिली संध्याकाळ डोक्याला ताप. नाव टाकून शोधलं तर १९४१ची अर्जेंटिनातली मार देल प्लाता स्पर्धा सापडेचना. नायडॉर्फसारख्या दिग्गजाला मागे टाकून त्याने जिंकलेली स्पर्धा! १९३९च्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडसाठी तो ब्युनोस आयर्सला गेला, तिकडे युरोपात महायुद्ध पेटलं आणि गडी १९४८पर्यंत अर्जेंटिनातच राहिला. ती सगळी वर्षंच गायब. तासभराने उलगडा झाला. स्वीडिश आडनावात 'ए'च्या डोक्यावर एक बारीक वर्तुळ असतं. संग्रहवाल्यांनी वर्तुळवाला एक आणि बिनवर्तुळाचा दुसरा, असे दोन खेळाडू करून ठेवलेत!

माल मात्र अस्सल आहे. १९३३मध्ये स्पीलमन आणि १९३४मध्ये निम्झोविच, त्या काळच्या दोन्ही बड्या खेळाडूंना त्याने सामन्यात ५-३ असं हरवलं. तेव्हा तो पंचविशी-सव्विशीतला पोरगा. निम्झोविचचा सामना मी पट मांडून, मोहरी हाताने सरकवत पाहिला. स्क्रीनवर भराभर पुढे ढकलण्यासारखे डाव नाहीत ते. पडते दिवसही झाकलेले नाहीत, हे आवडलं. १९५३च्या झ्युरिकच्या स्पर्धेत तो पंधरा जणांत शेवटचा आला, २८ डावांत ८ गुण. तेही सगळे डाव आहेत.

टिपणांच्या नावाने शिमगा. खेळीपुढे कोण किती वरचढ हे सांगणारा संगणकाचा आकडा, बस्स. उणे शून्य पूर्णांक चार म्हणे. पण हत्ती तिकडे का नेला ते कोण सांगणार? शिवाय डाव सुरुवातीच्या खेळ्यांच्या पद्धतींप्रमाणे लावलेत, त्यामुळे १९२७चा स्वीडिश विजेता स्टालबर्ग आणि १९५०चा ग्रँडमास्टर स्टालबर्ग एकाच पानावर मांडीला मांडी लावून बसतात. वर्षांप्रमाणे लावायची सोय आहे, पण ॲप बंद केलं की पुन्हा पहिले पाढे.

फ्रेंच खेळत असाल तर घ्या, नाव दोन्ही तऱ्हांनी शोधा. माझे तीन तारे. चौथा, दोन स्टालबर्गांचा एक होईल तेव्हा.