आधी काय ऐकावं : 'स्टॉर्म वॉर्निंग' की 'स्पेअर पार्ट्स'?

आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्यांना 'डॉक्टर हू'ची ध्वनिनाट्यं परकी वाटू नयेत. काळातून हिंडणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या परग्रहवासीयाची गोष्ट सांगणाऱ्या बीबीसीच्या या टीव्ही मालिकेवर 'बिग फिनिश' ही ब्रिटिश कंपनी १९९९ पासून ती काढतेय आणि टीव्हीवर वेळोवेळी डॉक्टर झालेले वेगवेगळे नटच बहुतेकदा त्यांत आवाज देतात. ढीग मात्र एवढा मोठा आहे की नवखा माणूस दारातूनच परत फिरतो. मला कुणी विचारलं, तर मी दोनच नावं घेतो.

'स्टॉर्म वॉर्निंग' २००१चं. पॉल मॅकगॅन टीव्हीवर डॉक्टर झाला तो मुख्यतः १९९६च्या एका चित्रपटात. त्याचा डॉक्टर घडला तो या नाटकांतून. आर-१०१ हे ब्रिटिश हवाई जहाज ऑक्टोबर १९३० मध्ये कराचीला, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात यायला निघालं आणि फ्रान्समध्ये कोसळलं. ५४ पैकी ४८ जण गेले. नाटक त्याच जहाजावर घडतं. चोरून चढलेली चार्ली पोलार्ड इथे डॉक्टरला भेटते. इतिहासाप्रमाणे तिने त्या रात्री मरायला हवं होतं, आणि ही खोच पुढे कित्येक नाटकांना पुरते. खोट एकच: सुरुवातीला एकटा असलेला डॉक्टर समोर काय दिसतंय ते स्वतःशीच मोठ्याने सांगत बसतो. नभोनाट्यातली जुनीच खोड.

'स्पेअर पार्ट्स' (२००२) मध्ये ती नाही. लेखक मार्क प्लॅट, डॉक्टर पीटर डेव्हिसन. मोंडास ग्रहावर जमिनीखालचं मरणपंथाला लागलेलं शहर, शरीराचे जुने अवयव विकणारा दलाल, आणि माणसांचे हळूहळू होत जाणारे सायबरमॅन, म्हणजे भावना हरवलेली अर्धी यंत्रं. हार्टली कुटुंबातली इव्हॉन अर्धवट बदललेल्या अवस्थेत घरी परतते आणि बापाला कळतं, ही आपलीच पोर. पडद्यावर एक सोंग दिसलं असतं. इथे फक्त चढउतार चुकलेला यंत्राचा आवाज आणि बापाचं बोलणं. मी कणीक मळत होतो. हात परातीतच राहिले.

२००६ मध्ये टीव्हीवर दोन भागांच्या कथेत सायबरमॅन पुन्हा आले तेव्हा श्रेयनामावलीत प्लॅटचे आभार मानले गेले. माझ्या मते तरी ते दोन भाग या नाटकाच्या जवळपासही पोचत नाहीत.

मालिका कधीच पाहिली नसेल आणि एकच नाटक ऐकायचं असेल तर 'स्पेअर पार्ट्स'. फक्त सायबरमॅनचं बोलणं कानाला जड जातं आणि खाली अक्षरं उमटत नाहीत, तेव्हा मागे जाऊन ऐकायची तयारी ठेवा.

लांबच्या प्रवासाला सोबत हवी असेल तर 'स्टॉर्म वॉर्निंग'. ते संपलं की मधली गाळून 'द चाइम्स ऑफ मिडनाइट' घेतलंत तरी चालेल. चार्लीची ती खोच तिथे खरी टोचते. १९०६चा नाताळ, घड्याळाच्या ठोक्यांवर मरणारे नोकर, आणि स्वयंपाकीणबाईंचं प्लम पुडिंग. जेवायच्या आधी ऐकू नका.