ख्रिसमसच्या शुगर कुकीज: मऊ बटरक्रीमवाल्या करायच्या की रॉयल आयसिंगवाल्या?

डिसेंबर लागला की इथे अमेरिकेत शाळेत, ऑफिसात, शेजारीपाजारी सगळीकडे कुकी एक्सचेंज सुरू होतात, म्हणजे प्रत्येकीने एकाच प्रकारच्या भरपूर कुकीज करून न्यायच्या आणि येताना सगळ्यांच्या थोड्या थोड्या घेऊन यायच्या. मग आपल्या मैत्रिणींचा ठरलेला प्रश्न येतो की शुगर कुकीज करायच्यात, पण नेमक्या कुठल्या? कारण शोधायला बसलं की एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या गोष्टी समोर येतात. एक म्हणजे ग्रोसरी स्टोअरच्या बेकरीत प्लास्टिकच्या डब्यात मिळते ती गोल, जाड, केकसारखी मऊ, वर गुलाबी नाहीतर लाल-हिरवं फ्रॉस्टिंग आणि स्प्रिंकल्स. दुसरी तारा, स्नोमॅन, ख्रिसमस ट्री अशा आकारात कापलेली, वर कडक वाळलेल्या आयसिंगची नक्षी, जी फोटोत बघून आपल्याला करावीशी वाटते ती.

माझं मत आधीच सांगून टाकते: कुकीच्या रेसिपीवर डोकं नंतर लावा, आधी वरचं आयसिंग ठरवा. किती वेळ जाणार, डब्यात एकावर एक रचता येणार का, प्रवासात टिकणार का, पोरांना सोबत घेता येणार का, हे सगळं आयसिंगवरच ठरतं. कुकीचं पीठ त्याच्या मागून येतं.

बटरक्रीम म्हणजे लोणी आणि पिठीसाखर, अमेरिकन पद्धतीत बाकी फारसं काही नाही. दीड स्टिक बटर म्हणजे 170 ग्रॅम, त्याला साधारण 360 ग्रॅम पिठीसाखर, चमचाभर-दोन चमचे हेवी क्रीम, चिमूटभर मीठ आणि व्हॅनिला, एवढ्यात दोन डझन कुकीज जाड थराने होतात. हँड मिक्सर असला तर दहा मिनिटांचं काम. मीठ विसरू नका, नाहीतर नुसती साखर खाल्ल्यासारखं लागतं. हे वरून जरासं सुकतं पण आतून मऊच राहतं, त्यामुळे बोट लावलं तर ठसा उमटतो, कुकीज एकावर एक ठेवायच्या तर मध्ये पार्चमेंट पेपर घालून हलक्या हाताने, आणि पोस्टाने पाठवायच्या असतील तर हा पर्याय सोडूनच द्या. पण खायला? खायला याच्याइतकं छान काही नाही. रात्रभर डब्यात राहिल्या की दुसऱ्या दिवशी कुकी आदल्या दिवसापेक्षा मऊ लागते.

रॉयल आयसिंगची गोष्ट वेगळी. त्यात फॅट अजिबात नसतं, पिठीसाखर आणि अंड्याचा पांढरा भाग, बस. कच्चं अंडं नको म्हणून बहुतेक जणी मेरिंग पावडर (वाळवलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाची पूड) वापरतात: एक पाउंड पिठीसाखर, 3 टेबलस्पून मेरिंग पावडर आणि 5-6 टेबलस्पून कोमट पाणी. भांड्याला, मिक्सरच्या पात्याला तुपातेलाचा हात लागलेला असला तर ते नीट फुलतच नाही, म्हणून भांडी आधी गरम पाण्याने स्वच्छ धुऊन कोरडी करून घ्या. मग त्याचे दोन भाग करायचे, एक कडेची रेघ काढायला घट्ट आणि एक आत भरायला पातळ. पातळ किती, तर सुरीने मध्ये रेघ मारली की ती 15 सेकंदांच्या आसपास आपोआप मिटली पाहिजे. त्याच्या आत मिटली तर कडेवरून ओघळणार, फार वेळ लागला तर वर वळ्या दिसणार. हे सगळं शिवाय प्रत्येक रंगासाठी वेगळं करायचं, म्हणजे चार रंग म्हटले की आठ वाट्या आणि आठ पायपिंग बॅगा ओट्यावर. आणि वाळायला सहा-आठ तास, जाड भरलं असेल तर रात्रभर, तेही उघड्यावर. शिवाय लाल रंगाच्या शेजारी पांढरा भरायचा तर आधीचा पूर्ण वाळल्याशिवाय भरायचा नाही, नाहीतर लाल पसरून सगळं गुलाबी होतं.

आता या उघड्यावर वाळण्यात एक मेख आहे ती फारसं कुणी सांगत नाही. थंडीत घरात हीटिंग चालू असतं, हवा एकदम कोरडी, त्यात कुकी रात्रभर उघडी पडली की कडांनी तीही वाळते. म्हणून रॉयल आयसिंगखाली मऊ म्हणजे अगदी केकसारखी मऊ कुकी अपेक्षित धरूच नका, ती खुसखुशीतकडे झुकणारच. बदल्यात तुम्हाला मिळतं काय, तर एकदा वाळली की कुकी सेलोफेनच्या पिशवीत घाला, रिबन बांधा, डब्यात रचा, दुसऱ्या स्टेटमध्ये नणंदेकडे पाठवा, नक्षी जशीच्या तशी पोचते.

त्यामुळे माझा हिशेब सरळ आहे. पार्टीत ताटातून उचलून लगेच खाणार असतील, घरात लहान मुलं असतील, तुमच्याकडे एकच संध्याकाळ असेल, तर बटरक्रीम. भेट म्हणून बांधून द्यायच्यात, नावं लिहायचीयत, लांब पाठवायच्यात, आणि तुम्हाला शांतपणे बसून नक्षीकाम करायला मनापासून आवडतं, तर रॉयल. नक्षीची आवड नसताना नुसत्या फोटोसाठी रॉयलच्या मागे लागू नका, त्या रंगांच्या वाट्या धुता धुता सणाचा उत्साह संपतो.

आयसिंग ठरलं की आता पीठ. बटरक्रीम घेतलंत तर त्याखाली पुन्हा दोन रस्ते आहेत. पहिला त्या बेकरीच्या डब्यातल्यासारख्या कुकीचा, जिला इथे सगळे लॉफ्टहाउस कुकी म्हणतात. यूटामधल्या ज्या कंपनीने ती देशभर पोचवली तिचंच नाव तिला चिकटलंय. ही लाटायची नसते. पिठात सावर क्रीम (आंबवलेलं घट्ट क्रीम) असतं, म्हणून पीठ चिकट होतं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं, मग गोळे करून ट्रेवर ठेवून मैदा लावलेल्या पेल्याच्या बुडाने दाबायचे. माझं प्रमाण: 113 ग्रॅम बटर, 200 ग्रॅम साखर, एक अंडं आणि एक बलक, 180 ग्रॅम सावर क्रीम, 360 ग्रॅम मैदा, बेकिंग पावडर आणि बेकिंग सोडा अर्धा अर्धा टीस्पून, अर्धा टीस्पून मीठ. सावर क्रीमच्या आंबटपणाने सोडा फुलतो, आणि त्यातल्या पाण्याने आणि फॅटने कुकी मऊ राहते.

आपल्या नानकटाईशी ताडून बघा म्हणजे हे पटकन लक्षात येईल. नानकटाईत तूप, पिठीसाखर, मैदा, पाणी जवळपास नाहीच, म्हणून ती तोंडात भुगा होते. इथे उलट, ओलावा मुद्दाम घातलेला असतो, आणि एकदा ओलावा आला की मैदा जास्त घोटला की चिवटपणा येतो. म्हणून मैदा घातल्यावर मिक्सर बंद करायचा, चमच्याने दुमडून पांढरं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा. पाहिजे तर 30 ग्रॅम मैदा काढून तेवढा कॉर्नस्टार्च घाला, अजून नाजूक होते.

दुसरा रस्ता म्हणजे लाटून, साच्याने कापून, तरीही मऊ. मला स्वतःला हाच जास्त आवडतो, कारण मुलांना साचे पाहिजेच असतात आणि आपल्याला मऊपणा पाहिजे असतो. 226 ग्रॅम बटर, 55 ग्रॅम क्रीम चीज, 200 ग्रॅम साखर, एक अंडं, 375 ग्रॅम मैदा, दीड टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून मीठ, व्हॅनिला. सगळी गंमत जाडीत आहे. 3-4 मिलिमीटर लाटलीत तर कितीही चांगली रेसिपी असो, बिस्किटच होणार, मऊ पाहिजे तर 8 मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. पीठ मळलं की लगेच दोन पार्चमेंट पेपरच्या मध्ये लाटून घ्या आणि मग ती लाटी फ्रीजमध्ये टाका, तासाभराने कापा. आधी गोळा थंड करून मग लाटायला गेलं की तो दगड झालेला असतो, त्याच्याशी झटापट करता करता आपण वरून मैदा भुरभुरवत राहतो आणि तो सगळा जादाचा मैदा कुकीत जातो.

रॉयल आयसिंग करणार असाल तर हेच पीठ घ्या, फक्त क्रीम चीज काढा, बेकिंग पावडर अर्ध्या टीस्पूनवर आणा आणि 6 मिलिमीटर लाटा. कमी फुगली की ताऱ्याची टोकं टोकंच राहतात आणि वरचा भाग सपाट येतो, नक्षीला तो लागतोच.

मैदा मोजायचा तो वजनकाट्यावर, हे मी अगदी हात जोडून सांगते. चमच्याने हलकेच भरलेला एक कप 120-125 ग्रॅम असतो आणि पिशवीत कप खुपसून भरलेला 140-150 सुद्धा भरतो. तीन कपांत तो फरक 90 ग्रॅमपर्यंत जातो, आणि "मऊ रेसिपी केली पण कोरडी झाली" या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. दुसरं मूळ ओव्हनमध्ये. 350 फॅरनहाइट, म्हणजे 175 सेल्सिअसला, या जाडीच्या कुकीज 9 ते 11 मिनिटांत होतात, आणि झाल्यात हे रंगावरून कळत नाही कारण रंग यायच्या आधीच काढायच्या असतात. वरची ओली चमक गेली, कडेला बोट लावलं तर ठरलेली लागली, मध्यभाग अजून कच्चट वाटतोय, तेव्हाच ट्रे बाहेर. उरलेलं काम गरम ट्रेवर पाच मिनिटांत होतं. कड गुलाबीसर-तपकिरी दिसेपर्यंत थांबलात तर मऊपणा गेला म्हणून समजा. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय बटरक्रीम लावू नका, वितळून घसरतं.

अंडं न खाणाऱ्या घरांसाठी थोडं जास्त लिहायला पाहिजे कारण आपल्याकडे हा प्रश्न खरा आहे. लाटायच्या कुकीत अंडं काढून 3 टेबलस्पून घट्ट ग्रीक योगर्ट घातलं तर काहीच बिघडत नाही, फरक शोधून सापडणार नाही. लॉफ्टहाउस पद्धतीत मात्र फुगायला अंड्याची मदत असते, योगर्टने थोडी दडस होते, चालेल इतपत. रॉयल आयसिंगमधली मेरिंग पावडर म्हणजे वाळवलेलं अंडंच, नावावरून लक्षात येत नाही म्हणून सांगितलं. तिच्याऐवजी छोल्याच्या डब्यातलं पाणी फेटून वापरता येतं, नाहीतर सरळ ग्लेझ करा: कपभर पिठीसाखर, 2 टीस्पून दूध, 2 टीस्पून कॉर्न सिरप. चमक छान येते, वरून बऱ्यापैकी घट्ट होतं, फक्त रॉयलइतकं कडक होत नाही आणि बारीक रेघा नीट उभ्या राहत नाहीत. आणि स्प्रिंकल्सचं लेबल वाचा. कन्फेक्शनर्स ग्लेझ लिहिलं असेल तर ती लाखेच्या किड्यापासून येते, काहींमध्ये जिलेटिन असतं, काही लाल रंग कारमाइनचे म्हणजे तेही किड्याचेच. कडक शाकाहारी पाहुणे येणार असतील तर व्हीगन लिहिलेलीच घ्या. बटरक्रीमच घेतलंत तर आयसिंगमधल्या अंड्याचा प्रश्न तिथेच मिटतो, हाही त्याचा एक फायदा.

चवीचं म्हणाल तर बेकरीतल्या कुकीला जो एक ओळखीचा वास असतो तो बऱ्याचदा आल्मंड एक्स्ट्रॅक्टचा असतो, पाव टीस्पून पुरे. पण शाळेत न्यायच्या असतील तर तो टाळा आणि व्हॅनिलावर भागवा, नट अ‍ॅलर्जीचे नियम कडक असतात. घरच्यांसाठी मी वेलची घालते, बटरक्रीममध्ये फार सुरेख लागते. रंग नेहमी जेलचे घ्या, पाण्यासारखे रंग घातले की आयसिंग पातळ होतं. लाल रंग ताबडतोब गडद दिसत नाही म्हणून लोक ओतत राहतात आणि मग कडू चव येते. आदल्या रात्री थोडा फिकाच कालवून ठेवा, सकाळपर्यंत तो आपोआप गडद होतो.

वेळेचं नियोजन दोन्हींचं वेगळं. फ्रॉस्टिंग न लावलेल्या कुकीज हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये दोन महिने आरामात राहतात, त्यामुळे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतच करून ठेवल्या तरी चालतं. बटरक्रीमवाल्यांना मग 23 तारखेच्या संध्याकाळी बाहेर काढून लावलं की झालं, त्या बाहेर दोन दिवस छान राहतात. रॉयलवाल्यांनी मात्र 20-21 लाच बसायला पाहिजे, वाळायचे तास धरून. मुलं मदतीला असतील तर कच्चं पीठ चाखू देऊ नका. अंडं नसलं तरी नाही, कच्चा मैदाही जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित नसतो.

भारतात बसून हे वाचणाऱ्यांसाठी गणित थोडं बदलतं. मुंबई, कोकण, गोव्यात डिसेंबरच्या दुपारीही 30 डिग्रीच्या वर पारा जातो, आणि लोणी त्याच सुमाराला वितळायला लागतं, तेव्हा बटरक्रीमवाल्या कुकीज संध्याकाळी लावून त्याच रात्री संपवायच्या, किंवा निम्मं लोणी काढून तेवढं बेकिंगचं शॉर्टनिंग (डालड्यासारखं घट्ट वनस्पती तूप) घालायचं, ते जास्त गरमीत तग धरतं, चव मात्र थोडी उतरते. तिथे खरं तर ग्लेझ किंवा रॉयलच सोयीचं, फक्त दमट हवेत वाळायला जास्त वेळ द्या, पंख्याखाली ठेवा. पुणे-नाशिकच्या थंडीत बटरक्रीम मस्त जमतं. सावर क्रीम नसेल तर चक्का घ्या आणि त्यात थोडी फ्रेश क्रीम कालवा, अमूलचं नेहमीचं बटर खारट असतं म्हणून पिठातलं मीठ वगळा आणि बटरक्रीमसाठी शक्यतो बिनमिठाचं आणा. ओटीजीमध्ये (ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) करत असाल तर 15 मिनिटं तरी आधी तापवून घ्या, कुकीज आत गेल्यावर वरचा रॉड बंद ठेवा, आणि आठव्या मिनिटापासून समोर उभं राहून लक्ष ठेवा, छोट्या ओटीजीत मागच्या बाजूच्या कुकीज आधी होतात.